कुंकवाखालचा पिवळा दिवा

खंडेनवमी, संध्याकाळ. शिरवळ.

दुपारी कारखान्यात पूजा झाली. फोरमन बाजीरावांनी मशिनांना कुंकू लावलं, मशिनांना जोडणाऱ्या नेटवर्कच्या पेटीलाही एक बोट ओढलं, नेमकं दिव्यावर. पूजेचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून राहिलं. मग नेटवर्क सांभाळणाऱ्या आमच्या दिलीपने पेटीत नवा प्रोग्राम टाकायला घेतला. तेवढा वेळ लाईन बंद राहते आणि दिवा पिवळा लुकलुकतो. लाल म्हणजे पेटी गेली. कुंकवातून पिवळा लालच दिसला.

"पेटी जाळलीस व्हय रं?" म्हणत बाजीरावांनी दिलीपचं तोंड पॅनेलवर आपटलं. दात पडला. वर बुक्क्या. मी मधे पडलो, मलाही कोपर बसलं. शेवटी मीच अंगठ्याने दिवा पुसला. खाली पिवळा. आमच्यादेखत हिरवा झाला, लाईन सुरू झाली.

बाजीराव रुमालाला हात पुसत म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

उद्या दसरा. ह्या माणसाला सोनं द्यायचं? माझ्या नखात ते कुंकू अजून आहे. सांगितलं नव्हतं? पहिल्या बुक्कीपासून दिलीप एवढंच ओरडत होता, "आवं, कुंकू पुसून बघा."