अण्णांचा कोपरा

मालन,

अण्णांना आणायला विंचूरला आक्काकडे जातोय. वूफर कोपऱ्यात ठेवला की आवाज छान घुमतो, म्हणून मी तिथली त्यांची खाट गॅलरीत काढली. काल व्हिडिओ बघायला आलेल्या मल्हारीने विचारलंच, "काका, एवढ्या थंडीत बाहेर?" ते म्हणाले, "आत उकडतं रे मला." स्वेटर, मफलर घालून बाप उकडतं म्हणतोय, हे मी ऐकलं आणि आवाज वाढवला. सकाळी तू शाळेवर गेल्यावर ते पिशवी घेऊन निघाले. मी अडवलं नाही.

शेजारच्या चिमाजीला हाक मारून वूफरचा खोका खिडकीखाली सरकव. तिथे आवाजाला तसा दणका येणार नाही. नाही आला तर नाही. खाट कोपऱ्यात लाव. अण्णा यायला नाही म्हणाले, तरी ती तिथेच राहू दे.

जयराम