अर्धी सीट सोडून

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार

आदरणीय कचरूमामा यांना भाची संध्याचा सविनय जयभीम.

इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? रत्नमालामामींचा खोकला गेला का? आणि काळीपिवळी जीपचं मागचं दार अजून सुतळीनंच बांधता की कडी बसवली? (दाराची चौकशी तब्येतीच्या ओळीत केली म्हणून रागावू नका. गाडीला घरातलं माणूस तुम्हीच म्हणता.) फोन केला की तुम्ही "गाडीत हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र.

आमच्या कॉलेजच्या लेणी अभ्यास मंडळाची सहल रविवारी अजिंठ्याला जायची आहे. कॉलेजची जीप आहे, पण चालक कडूबाकाकांची रविवारी सुट्टी. अशा वेळी लायसन असलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा घेऊन त्याला कॉलेजचा मंजूर चालक करायचं, असा नियम आहे. मंडळात लायसन फक्त माझ्याकडं. म्हणजे मी नापास तर सहल रद्द, आणि वर्षभर सगळ्यांची बोलणी मला.

परीक्षा घेणार कडूबाकाकाच. तीस वर्षं त्यांनी एसटी चालवली. त्यांची रीत अशी, की शेजारी बसतात आणि पेपर उघडून वाचायला लागतात. इकडं घे, ब्रेक दाब, असं काही बोलत नाहीत. वाचता वाचता मान वर करावी लागली की पोरगा नापास. (क्रिकेट संघाचा कप्तान पहिलं पान ओलांडू शकला नाही.) मला हा माणूस बघताक्षणी आवडला. तुम्हीही मला शिकवताना बोलत नव्हता, नुसता आरशाला हात लावायचात आणि मला माझी चूक कळायची.

शनिवारी जालना रस्त्यानं निघालो. शेंद्र्यापर्यंत पेपर हलला नाही. करमाडला एका आजींनी हात दाखवला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. नुसती थांबले असते तरी निभावलं असतं, पण मी मान बाहेर काढून तुमच्यासारखं "फर्दापूर, फर्दापूर, चला बसा" असंही म्हणाले. (फर्दापूर तिथून भलत्याच दिशेला आहे.) द्वारकाबाई नावाच्या त्या आजी पेरूची पाटी घेऊन बसल्यासुद्धा. काकांनी पेपरची घडी घातली, माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "पोरी, तू अशी तिरकी काऊन बसती? काही दुखतंय का?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी दाराला चिकटून, अर्धी सीट सोडून बसले होते. तुमच्या गाडीत चालकाच्या सीटवर आणखी एक माणूस असतोच. मी तशीच शिकले, मामा. मधोमध बसले की मला गिअर सापडत नाही.

नापास झाले. पण आजींना काकांनी उतरू दिलं नाही. त्यांच्या मळ्यापर्यंत गाडी न्यायला लावली, तिथं बांधावर बसून दोन पेरू खाल्ले आणि मला मंगळवारी परत ये म्हणाले.

काल मी सरळ बसून निघाले. चिकलठाण्यापर्यंत गाडी तीनदा बंद पडली, मग हळूच दाराकडं सरकले. करमाडला दोघांनी हात दाखवले, तरी मी जीभ चावून पुढं गेले. (त्या दोघांची तुम्ही माझ्या वतीनं माफी मागा.) थोड्या वेळानं पेपर खाली घसरला. बघते तर काका घोरत होते. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत हा माणूस कधी झोपत नाही, मुलाच्या वरातीतही जागा होता, असं कॉलेजात सगळे सांगतात. त्यांना उठवायचा मला धीर होईना. बदनापूर गेलं, जालना आलं, तिथून वळून मी परत कॉलेजच्या फाटकात गाडी उभी केली. डोळे उघडून काका म्हणाले, "आलं का करमाड?" मग कागदावर त्यांनी लिहिलं: झोप लागली. मंजूर.

मामा, ती झोप तुमची आहे. खड्ड्याआधी गिअर बदलायला आणि मागच्या म्हातारीची मान हलणार नाही असा ब्रेक लावायला तुम्ही शिकवलंत. वीस वर्षं तुम्ही लोकांना लेण्यांपर्यंत नेता आणि खाली उतरताना कुणी तुमच्याकडं वळूनही बघत नाही. मला तुमचा फार अभिमान वाटतो.

तुमची
संध्या

ता. क. १ : सोबतच्या मंजुरीच्या कागदावर शुक्रवारपर्यंत पालकाची सही लागते. आईला यातलं काहीच माहीत नाही. दिवाळीत मी मामींकडं शिवण शिकले अशी तिची समजूत आहे. पालक म्हणून तुम्हीच सही करून कागद परतीच्या गाडीनं पाठवा. वरचं कौतुक सहीसाठी केलेलं नाही. (थोडं सहीसाठी आहे.)

ता. क. २ : पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून पाकीट आईकडं देते आहे. ती स्टँडवर फर्दापूरच्या कंडक्टरजवळ देईल. काळजी नको, पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. ३ : कचरू, हे मी लिहितेय, तुझी अक्का गीता. डिंक ओलाच होता. शिवण शिकून आलेली पोरगी दिवाळीपासून चपात्या लाटताना डाव्या पायानं क्लच दाबती, मला काय कळत नाय व्हय? कागद मी ठेवून घेतला, सही केली, पालक मी हाय. पण वीस वर्षं तू साऱ्या जगाला लेण्या दाखवल्या, अन् मला दर खेपेला म्हणला, अक्का, आज जागा नाय, पुढल्या वेळी. रविवारी मी येतेय. आता जागेचं सांगू नको. पोरगी अर्धी सीट सोडूनच बसती, तिथं मी मावते.