लिहिल्याप्रमाणे झाले

प्रिय विश्वजीत,

मी, फत्तेसिंगराव जयाजीराव जगताप, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार अग्रहार, म्हैसूर. पूर्वजांचा पेशा महाराजांच्या फौजेत, माझा पेशा बेळगोळच्या एका कारखान्यात गेट-जमादारी. शिक्षण कन्नड शाळेत चौथी, मराठी वडिलांनी घरी शिकवलेली. पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना पुढील मजकूर लिहीत आहे. 'प्रिय' हा शब्द पत्राच्या रीतीप्रमाणे घातला आहे. त्यातून अधिक काही काढू नये.

तुझे अकरा पानांचे पत्र आणि सोबतचे मराठी बायबल पोहोचले. येत्या रविवारी तू बाप्तिस्मा घेणार, पाण्यात संपूर्ण बुडून वर येणार, आणि त्या वेळी मी काठावर हजर असावे अशी तुझी विनंती आहे. तू राहतोस त्या गोकुलमहून इथे अग्रहारापर्यंत ऑटोला वीस मिनिटे लागतात. तरी तू पोस्टाने विचारलेस. समोर येऊन बोलण्याचे धैर्य तुझ्यात लहानपणापासून नाही. म्हणून उत्तरही पोस्टानेच पाठवत आहे.

चौथी शिकलेल्या माणसाला ग्रंथ कळणार नाही असा तुझा समज असल्यास सांगतो की, तुझ्या पेन्सिलीच्या सर्व खुणा मी दोनदा वाचल्या. मीखा संदेष्ट्याने ख्रिस्तजन्माच्या शेकडो वर्षे आधी त्याच्या जन्मगावाचे, बेथलेहेमचे, नाव सांगून ठेवले. जखऱ्याने गाढवावर बसून येणारा राजा पाहिला. बाविसाव्या स्तोत्रात कोणाच्या तरी वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकल्या आहेत. आणि पुढे ख्रिस्ताच्या बाबतीत सर्व तसेच घडले, सबब धर्म खरा, असे तुझे म्हणणे. तू लिहितोस, 'अप्पा, जुना ग्रंथ यहुद्यांच्या ताब्यात होता. ते तर ख्रिस्ताला मानत नाहीत. मग त्याच्या सोयीचे भविष्य ते कशाला घुसडतील?' मुद्दा बरा आहे आणि मी तो मान्य करतो. भविष्य जुनेच आहे. परंतु भविष्य कोणी लिहिले हा प्रश्न नाही. ते खरे झाले असे कोणी लिहिले, हा आहे. ज्यांनी लिहिले त्यांच्या मांडीवर जुना ग्रंथ उघडा होता. गेटवर मी तीस वर्षे लोकांचे जबाब घेतले. जबाब फारच नेमका जुळला, की मी पहिल्यांदा विचारीत असे, 'तुला आधी काय वाचून दाखवले होते?'

शेवटच्या पानावर तू मोठ्या अक्षरांत लिहिले आहेस की, साक्ष देणाऱ्यांनी प्राण दिले; खोट्यासाठी कोण प्राण देतो? याचे उत्तर तू स्वतः आहेस.

तुझ्या बारशाला श्रीनिवासराव जोशांनी मांडलेली पत्रिका अजून माझ्या पेटीत आहे. तिच्यात एक ओळ आहे: कनिष्ठामुळे ज्येष्ठास जलभय. ती ओळ अस्सल आहे. कोणी मागाहून घातलेली नाही. पुढे तू सहा वर्षांचा आणि तुझा दादा जयसिंग पंधराचा असताना, खंडेनवमीला पूर्वजांची तलवार वाहत्या पाण्यात धुण्याच्या आपल्या रिवाजाप्रमाणे, मी तुम्हा दोघांना बेळगोळजवळच्या कालव्यावर नेले. तू हट्ट करून तलवार हातात घेतलीस, ती निसटली, आणि ती काढायला उतरलेला जयसिंग वर आला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. शेजारचे म्हणाले, 'बरेदहागे आय्तु.' लिहिल्याप्रमाणे झाले. त्या दिवसापासून खंडेनवमीचे ताट तुझ्या आईने तुला स्वतःच्या हाताने वाढलेले नाही.

तलवार माझ्या हातून निसटली. तू चिंचेखाली चुरमुरे खात बसला होतास. जयसिंग पाण्याकडे पाहून म्हणाला, 'अप्पा, पाणी ओढतंय. ओसरल्यावर काढू.' मी म्हणालो, 'फौजेतल्यांचा वंशज आहेस की बांगड्या भरू?' त्याने सदरा काढला, घडी घालून तुझ्या हातात दिला आणि तो उतरला. तलवार त्याच्या आधी सापडली.

घरी येताना मला पत्रिकेतली ती ओळ आठवली. मी भविष्याला हात लावला नाही. मी फक्त घटना त्याच्या मापाची केली. तीन दिवस तू 'मी नाही, अप्पांनी' म्हणत होतास आणि आईचा मार खात होतास. चौथ्या दिवशी भेटीला आलेल्यांना तू आपण होऊन सांगितलेस की, मूठ ओली होती, म्हणून सुटली. ते मी शिकवले नव्हते. त्यानंतर कोणी मानेवर पाते ठेवले असते तरी तू तेच सांगितले असतेस. साक्षीदार असे तयार होतात.

आता हे पत्र का लिहिले, ते सांगतो. पश्चात्ताप म्हणून नव्हे. मुलाकडून वादात हरणे मला मान्य नाही म्हणून. दादाच्या मरणाचे पाप ज्याने स्वतःवर घेतले तो तुला यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात भेटला, असे तू लिहितोस. तो अध्यायही वाचला. दुसऱ्यांचा अपराध एका निर्दोषाच्या माथी घातला आणि त्याने तोंड उघडले नाही. वाचताना मला ख्रिस्त आठवला नाही. काठावर घडी घातलेला सदरा धरून उभे असलेले पोर आठवले. भविष्य तुलाही लागू पडते, म्हणजे कोणालाही लागू पडते. माझा मुद्दा इथे सिद्ध झाला. तुझ्या अंगावर धुण्यासारखे काही नव्हते. रविवारी उतरायचे असल्यास अवश्य उतर, परंतु त्या कारणासाठी उतरू नकोस. मी येणार नाही. बत्तीस वर्षांत मी कोणत्याही पाण्याच्या काठावर उभा राहिलेलो नाही.

वाद जिंकलेला, आणि रक्ताच्या नात्याने तुझाच,
फत्तेसिंगराव

साक्षीवाचून जबाब ग्राह्य नसतो, म्हणून वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्या वेळी हजर: गंगाधरराव, शेजारी, निवृत्त शिक्षक, यांनी सही केली आहे. अंबुबाई, माझी पत्नी, यांनी सही केली नाही. तुझ्या गोकुलमच्या घराचा पत्ता मात्र कागदावर उतरवून मागितला.