दाजींची साक्ष

३ जून

ती. ताईस, धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम.

माझ्या प्रार्थनेनं दाजींची आकडी थांबली, ही साक्ष ऐकायला आता परगावहूनही माणसं येतात. पुढच्या आठवड्यात मोठी सभा आहे, तेव्हा दाजींना माझ्याकडे पाठव. मागच्या वेळी त्यांनी गोळ्यांची बाटली सर्वांसमोर कचऱ्यात टाकली, तर बायका रडल्या. तू तेवढी तोंड वाकडं करून बसलीस. थोडा विश्वास ठेवलास तर काय बिघडेल गं?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा पाळक भाऊ


७ जून

चि. पाळकबुवांस, ताईचे अनेक आशीर्वाद.

यांनी बाटली टाकली त्याच संध्याकाळी मी दुसरी आणली. डॉक्टरीणबाईंना विचारून रोज सकाळी गोळी चुरते आणि यांच्या कॉफीत ढवळते. हा तुझा चमत्कार! येशूनं आंधळ्याला दृष्टी दिली, तेव्हा मागून कुणाची बहीण औषध कालवत नव्हती हो.

तुझ्याकडे गोळी चुकली, तर हे स्टेजवरच आडवे होतील. म्हणून गोळ्या या पाकिटातच घातल्यात. डोक्यावर हात ठेवण्याआधी चमचा हातात घे. थट्टा राहू दे, मला फार भीती वाटते रे. तुला साक्षीदार छप्पन्न मिळतील, मला नवरा एकच आहे.

आहेस तसा मला आवडतोस, हेही लक्षात असू दे.

ताई


१५ जून

ती. ताईस सलाम.

स्वयंपाकघराचं दार लावून गोळी चुरली. ज्या हातानं आशीर्वाद देतो, त्याच हातानं. सभेत त्या संध्याकाळी दाजींची साक्ष ऐकून एक बाई आकडी येणाऱ्या मुलीला घेऊन पुढे आली आणि औषधाची बाटली माझ्या पायाशी ठेवून मोकळी झाली. लोक हालेलुया ओरडत होते.

मी बाटली उचलून तिच्या हातात परत दिली, माईक घेतला आणि कॉफीसकट सगळं सांगून टाकलं. मंडळी अशी खवळली म्हणतेस! एकानं तर विचारलं, की हे सांगायची गरजच काय होती.

दाजी मात्र शांत होते. नंतर म्हणाले, की कॉफी कडू लागते हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण आकडीच्या माणसाशेजारी देवळात कुणी बसत नसे, आणि बरा झालेल्याला सगळे सरकून जागा देत. ऐकून मला रडूच आलं.

आता ते गोळी पाण्याबरोबर उघड घेतात. उद्या ते तुझ्याकडे यायला निघतायत. मीही येतो सोबत, कारण इथे आता माझ्याशेजारी कुणी बसत नाही.

रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा