दिव्याखालची हळद

सांगली. ६ फेब्रुवारी १९४९, रविवार.

आज दिवा आला. मिरजेला बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचा आर्क लॅम्प, सिनेमाच्या मशीनमधला. बैलगाडीतून, वर ताडपत्री घालून. बरोबर त्याचा ऑपरेटर बिराप्पाही आला. टॉकीज बुडाल्यापासून त्याला काम नाही. दोघेही सेकंडहँड, पण चालू स्थितीत.

गल्ली बघायला लोटली. एकाने विचारलं, शिणेमा कवा हाय? मी शांतपणे समजावलं. हळद शिजवून पंधरा दिवस उन्हात वाळवतात, म्हणजे सूर्याचं तेज तिच्यात मुरतं आणि ती पिवळी होते. सूर्य साऱ्या जगाचा. माझा दिवा फक्त हळदीचा. पंधरा दिवसांचं काम एका दिवसात, रंग दुप्पट, कीड शून्य. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानेच विचारलं, मग तिकीट किती?

दादा पेढीवरून आला. शांतिनाथ मगदूम, माझा थोरला भाऊ. हळदीचा अडत व्यापार, आणि नजर तराजूच्या काट्यापलीकडे जात नाही. म्हणाला, "विजूच्या लगनापतोर काय करायचं ते कर, पायगोंडा. मग मुकाट पेढीवर येऊन बसायचं." विजू म्हणजे विजयमाला, त्याची मुलगी. लग्न ५ मेला. मुदत हुंडीला घालतात, संशोधकाला नव्हे. पेटंट हातात आलं की एकदाच बोलेन.

पेढीवर बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नाकात हळदीची धूळ आणि रुमालाखाली दुसऱ्याची बोटं दाबून भाव ठरवणं. इंटर सायन्सपर्यंत गेलेल्या माणसाची बोटं. छे.

७ फेब्रुवारी.

संकल्प. रोज पाचला उठणे. चहा बंद. गल्लीतल्या लोकांशी वाद बंद, कारण त्यांना कळत नाही.

साडेआठला उठलो. पण पडल्या पडल्या विचार चालू होता, तेव्हा ते जागरणातच धरायला हवं. चहा दोनदा. वाद एकच, तोही त्याने काढला.

९ फेब्रुवारी.

काल दिवेलागणीला दिवा प्रथम पेटवला. काय तो उजेड! परसातल्या पडवीत दुपार झाली. त्याच वेळी गल्लीतले बाकीचे दिवे मिणमिणले. लोक दारात येऊन ओरडले. मत्सर.

अर्ध्या तासात साऱ्या सांगलीचे किडे-पाखरं परसात. दिव्यावर पडून मरायला लागली. आमची सौ., त्रिशला, पदर तोंडाला लावून उभी. म्हणाली, "आवं, किती जीव मेलं बघा की. आपण जैनाची माणसं. सूर्य मावळला की आपण जेवत न्हाई, आन् तुमी हे करताय व्हय?" दादाने लगेच तिची बाजू घेतली. फर्मान सुटलं: दिवा सूर्यास्तानंतर लावायचा नाही.

म्हणजे उजेडाच्या संशोधकाने फक्त दिवसा दिवा लावायचा! जगात कुठे असं झालं नसेल. पडवीच्या खिडक्यांना गोणपाट मारून घेतलं. दुपारी बारा वाजता अंधार करायचा आणि मग त्यात उजेड करायचा. विज्ञान असंच पुढे जातं.

१५ फेब्रुवारी.

सहा दिवस लिहिलं नाही. डोळे सुजले होते. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये असं बिराप्पाने सांगायला हवं होतं. तो म्हणतो, सांगितलं होतं. सांगितलं असेल, पण ठासून नाही. त्रिशला डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवते आणि काही बोलत नाही. तिचं न बोलणं मला समजतं. अभिमान वाटत असणार.

२२ फेब्रुवारी.

पहिला शास्त्रीय प्रयोग. राजापुरी हळदीची हळकुंडं घेतली, निम्मी दिव्याखाली, निम्मी फडक्याखाली. पाच तास. मग दोन्ही ढीग शेजारी मांडून बिराप्पाला विचारलं, जास्त पिवळा कोणता? त्याने फडक्याखालचा दाखवला. मी म्हटलं, नीट बघ. त्याने नीट बघितलं आणि दुसरा दाखवला. "व्हय साहेब, ह्योच. लय झ्याक."

निरीक्षण ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे.

२ मार्च.

पेटंटचा अर्ज टाइप करून आणला. कोर्टासमोरच्या टायपिस्टने तीन वेळा विचारलं, हे नक्की कशाचं? शीर्षक: "इम्प्रूव्हमेंट्स इन ऑर रिलेटिंग टू द इल्युमिनेशन ऑफ टर्मरिक." मलाच वाचून अंगावर काटा आला. क्लेम नंबर एक: प्रकाशाने हळदीचा रंग गडद करणे. क्लेम नंबर दोनमध्ये गूळ, केळी, विड्याची पानं आणि इतर सर्व शेतमाल घातला आहे. उद्या कुणी नक्कल केली तर पळायला जागा नको.

कलकत्त्याच्या पेटंट ऑफिसला उद्या रजिस्टर टपालाने पाठवणार.

३ मार्च.

टपाल कचेरीत गर्दी. परवा.

११ मार्च.

दादाने हरिपूरला नेलं. पेवं उघडायची होती. नदीकाठच्या जमिनीत खोल खड्डे, त्यात वर्षानुवर्षं हळद पुरून ठेवतात. आत मिट्ट काळोख. एक हमाल उतरला आणि टोपली वर दिली. हळद अर्थात पिवळीच होती. दादा विजयी मुद्रेने म्हणाला, "बघ. उजेड लागला न्हाई, म्हणून ऱ्हायली. रंग उडतो रं उजेडानं."

मी विचारलं, मग उन्हात वाळवता ती काय हळद नसते? तो म्हणाला, वाळवायची येगळी, ठेवायची येगळी. हा शब्दच्छल झाला. अंधारात माल पुरून ठेवणाऱ्या धंद्याने उजेडाबद्दल मत द्यावं, म्हणजे वटवाघळाने चष्म्याचा नंबर सांगावा.

परत येताना तो गाडीत तोंड फिरवून पेवांचा हिशेब मांडत बसला. मीच जिंकलो असं वाटतं.

२१ मार्च.

चूक सापडली. माझी नाही, हळकुंडाची. त्याची साल जाड, उजेड आत शिरणार कसा? आता हळद दळून, पूड करून ताटांत पसरायची. गिरणीवाल्याने विचारलं, लगीन घरचंच हाय न्हवं? कुणालाही काहीही वाटतं.

२९ मार्च.

पूड आठवडाभर दिव्याखाली. रोज बिराप्पा उलथन्याने हलवतो आणि सिनेमाची गाणी म्हणतो. रंगात फरक पडला आहे. किंचित फिकट. पण फिकट म्हणजे वाईट हे कुणी ठरवलं? भडक रंग गावंढळ लोकांना आवडतात. साहेब लोक कसे हलके रंग घालतात.

क्लेम नंबर एक दुरुस्त: प्रकाशाने हळदीचा रंग सौम्य करणे. अर्ज पुन्हा टाइप करावा लागणार. बरं झालं, टपालात टाकला नव्हता. दूरदृष्टी.

६ एप्रिल.

आणखी सौम्य. वासही पुष्कळ गेला, जो मुळातच उग्र होता.

त्रिशलाने ताटात बोट घातलं, बोट बघितलं, पदराला पुसलं. पदरावर डाग पडला नाही. म्हणाली, "ह्याचा डागसुदिक पडत न्हाई की." मग लख्ख सुचलं. बिनडागाची हळद! घरोघरच्या बायकांच्या हातांची पिवळी बोटं, पातळांवरचे डाग, सगळं बंद. बाई काय बोलून गेली याची तिला कल्पनाही नाही. क्लेम नंबर एक: हळदीतून अनावश्यक रंग काढून टाकणे. शोध मूळ कल्पनेहूनही मोठा झाला. अर्ज तिसऱ्यांदा टाइप. टायपिस्ट आता उठून उभा राहतो.

७ एप्रिल.

कॉलेजातल्या एका प्रोफेसरला नमुना दाखवला. त्याने विचारलं, रंग काढल्यावर हळदीत उरतं काय? या लोकांना पगार मिळतो.

१९ एप्रिल.

घरात लग्नाची गडबड. कुणाला शास्त्राची फिकीर नाही. पडवीत पापड वाळत घातले होते, ते मी दिव्याखाली घेतले. तळल्यावर बिघडले. त्याचा दोष माझ्यावर.

दुपारी विजू आली. नवऱ्या मुलीला घरात कुणी बसू देत नाही, पण ती माझ्याकडे येऊन बसली. लहानपणी तिला भिंगाने कागद जाळून दाखवायचो, तेव्हापासून ती माझी. म्हणाली, "काका, माझ्या लगनात तुमची हळद वापरा की. मला बरं वाटंल." या घरात एकच शहाणं माणूस, आणि तेही सासरी कुपवाडला चाललं. डोळ्यांत पाणी आलं. आर्कमुळे अजून डोळे हळवे आहेत.

२६ एप्रिल.

प्रश्न असा. आपल्यात हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि उरलेली उष्टी हळद नवरीकडे येते. म्हणजे विजूला माझी हळद लागायची तर ती आधी कुपवाडला गेली पाहिजे. आणि देवाची करणी बघा, कुपवाडकरांनीच कळवलं आहे की तुम्ही हळदीचे व्यापारी, तेव्हा हळद तुमच्याकडचीच येऊ द्या. दादाने पेढीवरून राजापुरीची उत्तम पूड बाजूला काढून पिशवीत भरून ठेवली आहे.

दोन पिशव्या एकसारख्याच आहेत.

२ मे.

केलं. इतिहास असाच घडतो. दादाची पिशवी पलंगाखाली, माझी पिशवी सायकलवर. बिराप्पा कुपवाडला देऊन आला. त्याने विचारलं होतं, काय म्हणून सांगू? मी म्हटलं, काही सांगू नको, मगदुमांकडून आली एवढंच सांग. नाव, चिठ्ठी, जाहिरात काही नाही. काम स्वतःच बोललं पाहिजे.

आता फक्त वाट बघायची. कुपवाडचे लोक विचारतील, ही कसली अपूर्व हळद? मग दादा चारचौघांत माझं नाव घेईल. वाक्यसुद्धा तयार करून ठेवलं आहे: "यात माझं काही नाही, सगळं प्रकाशाचं."

४ मे. हळदीचा दिवस.

दुपारी बारा. अजून कुपवाडहून काही नाही. थक्क झाले असतील.

दुपारी चार. लिहिण्याची इच्छा नाही, पण सवय.

एक वाजता नवऱ्या मुलाचे काका, भाऊसो, सायकलवरून स्वतः आले. घामाघूम. मांडवात पन्नास माणसं. त्यांनी दादाला नमस्कार केला आणि फार अदबीने म्हणाले, "शांतीआण्णा, डाळीचं पीठ पोचलं. लय उपकार. पर हळद अजून आली न्हाई. नवरदेव जवाहर पाटावर बसून हाय सकाळधरनं."

दादा म्हणाला, कसलं पीठ?

भाऊसो म्हणाले, बिराप्पानं आणून दिलेलं. बायकांनी त्याचं पाहुण्यांना पिठलं टाकलं. जरा कडू लागलं. वास हळदीचा येत होता, पर हळदीच्या दुकानातलं पीठ म्हटल्यावर वास यायचाच. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "डाळ औंदाची न्हवं वाटतं, आण्णा."

मांडवात कुणी तरी हसायला लागलं. सांगलीतल्या एवढ्या जुन्या हळदीच्या पेढीने व्याह्याकडे हळद म्हणून पीठ पाठवलं, ही गोष्ट उद्या बाजारात पोचणार, आणि दादाला पुढची वीस वर्षं ऐकावी लागणार. दादाने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी पलंगाखालची पिशवी आणून त्याच्या हातात दिली. तोंड उघडलं, पण तयार केलेलं वाक्य त्या जागी बसेना.

दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हमालानं पिशवी बदलली जणू. माझी चूक. मी नीट बघाया पायजे होतं." आणि भाऊसोंबरोबर स्वतः गाडी जोडून कुपवाडला गेला. लेकीच्या लग्नात, भर उन्हात, पिशवी मांडीवर घेऊन.

माझं नाव त्याने घेतलं नाही. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली. ती कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून पडवीत जाऊन बसलो.

उष्टी हळद तीन वाजता आली. विजूला लावली. तिचं तोंड, हात, मान, सगळं पिवळंधमक. साडीला डाग. ती तशीच उठून पडवीत आली. आता काही तरी म्हणेल असं वाटलं. म्हणाली, "काका, जेवलासा का?"

नाही म्हटलं. तिने पाठवलेलं ताट तसंच पुढ्यात आहे.

५ मे.

लग्न लागलं. व्याह्यांच्या पंगतीत भाऊसो शेजारी आले. फार सज्जन माणूस. विचारलं, आपण काय करता?

या प्रश्नाचं उत्तर गेली पाच वर्षं माझ्याकडे आहे. इंग्रजीतही आहे. मी घसा साफ केला. तेवढ्यात वाढायला आलेल्या दादाने हात न थांबवता उत्तर दिलं, "धाकटा भाऊ माझा. पेढीवर बसतो."

भाऊसो म्हणाले, "व्हय का? बरं हाय. घरचा धंदा."

मी होय म्हटलं. जिलबी घेतली.

८ मे, रविवार.

पाहुणे गेले. बिराप्पाही गेला. कराडकडे कुठे जत्रेत तंबू लागतोय, त्यांना दिवा हवा आहे. दिव्यासकट गेला. सिनेमा बघायला लोक येतील. असो, प्रत्येकाची पायरी.

पेढीवर बसण्याची व्यवस्था अर्थात तात्पुरती आहे. धंद्याचा अभ्यास आतून केल्याशिवाय त्यात सुधारणा करता येत नाही. अर्ज दिवाळीनंतर पाठवणार. क्लेम नंबर एक अजून ठरायचा आहे.

९ मे, सोमवार. सकाळी सात.

उद्यापासून म्हणत होतो, पण आंघोळ करून आलो तर खुंटीवर बंद गळ्याचा नवा कोट आणि काळी टोपी. दादा घालतो तसलाच कोट, पेढीवरचा. त्रिशलाला विचारलं, पेढीवर जायचं तर कालच ठरलं, एका दिवसात शिंप्याने कसा दिला?

ती चुलीशीच होती. मागे न वळता म्हणाली, "एका दिवसात कुठला? तुमचा दिवा आला न्हवं का, त्याच आठवड्यात शिवायला टाकला हुता."

घालून बघितला. मापाला बरोबर बसला.