पेडलांच्या यादीला उत्तर

प्रिय बारक्या,

एकेचाळिसाव्या वर्षीही बारक्याच. हे नाव पुसायची संधी तुला पुष्कळदा मिळाली होती.

तुझी यादी मिळाली. बेसचा आवाज बदलायला पायाने दाबायची अकरा पेडलं, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली, "ताई, यातलं आधी कुठलं घेऊ?" बेस गिटार हातात घेऊन तुला जेमतेम चौदा महिने झाले आणि पायाशी सात पेडलं आधीच लोळतायत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तू तर दर दोन महिन्यांनी नवं अंगण विकत आणतोस. कंप्रेसर म्हणे हवाच, कारण तो हळू वाजलेला सूर उचलतो आणि जोरात वाजलेला दाबतो. मग बोटांनाच सांग ना नीट पडायला. फझ लावलं की बेसच्या घशात काटा अडकतो, कोरस लावला की तो पाण्याखालून बोलतो. आणि डिले वाचून तर मी चहा सांडला. एकदा चुकलेला सूर तो चारदा ऐकवतो, तुला त्याचा एवढाच उपयोग. ज्या दुकानदाराच्या सल्ल्याने तू हे सगळं करतोस त्याला साधी शिट्टी वाजवता येत नाही. तुझ्यासारखं गिऱ्हाईक दारात दिसलं की तो खुर्ची पुसून ठेवत असणार.

हे सगळं कशासाठी, तर येत्या सोमवारी तू चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडणार आणि बँडबरोबर दोन महिने गावोगाव हिंडणार. सोळा वर्षं लोकांचे डोळे तपासलेस, नंबर चुकला म्हणून कुणी परत आलं नाही. तुझ्या बायकोचा फोन आला होता. "ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना. तुमचंच ऐकतात." विचार करून लिहिते म्हटलं, म्हणून हे पत्र.

बँडमधल्या त्या तिघांना मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. बारा वर्षं बेस घेऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी होते. माझं कोपर गेलं तेव्हा माझ्या जागी तुला घ्यायला त्यांना एक दिवस पुरला. गायकाला स्वतःच्या गळ्यापलीकडे काही ऐकू येत नाही, ड्रमवाला कपडे धुवायला बसल्यासारखा बडवतो आणि गिटारवाल्याचं सगळं लक्ष केसांकडे.

शनिवारी तुमच्या कार्यक्रमाला मी आले होते. तुला कळवलं नव्हतं. वरच्या गॅलरीत, अगदी तुझ्या डोक्यावर बसले होते. पहिल्या गाण्यात तुझी सगळी पेडलं चालू होती आणि बेसऐवजी चिखल ऐकू येत होता. गाणं संपल्यावर तू तारा जुळवायला ट्यूनरचं पेडल दाबलंस. ते दाबलं की आवाज बंद होतो, म्हणजे जुळवाजुळव लोकांच्या कानावर जात नाही. तारा जुळल्या, गायकाने लगेच पुढचं गाणं उचललं, आणि घाईत ते पेडल परत दाबायचं तू विसरलास.

बारक्या, पुढची चारही गाणी तुझा बेस वाजलाच नाही. त्या दणक्यात तुला कळलं नाही हे मी समजू शकते. तार बोटाला लागत होती, तुला वाटलं वाजतंय. पण ते तिघे? शेवटी गायकाने तुला मिठी मारली आणि माइकवरून सांगितलं, "आज बेस काय वाजलाय राव!" तू वाकून नमस्कार केलास.

आता खरं लिहिते. आधी मला हसू आलं, चांगलं दोन गाणी टिकलं. तुझ्या ट्यूनरवर वाजेल त्या सुराचं अक्षर उमटतं, ते मला वरून स्वच्छ दिसत होतं. ऐकायला काही नव्हतं, म्हणून मी वाचत बसले. चौथ्या गाण्यात मधला तो संथ, आडवळणाचा तुकडा आला, जो मला बारा वर्षांत एकदाही बिनचूक जमला नाही. अक्षरं एकामागून एक येत गेली, जिथे यायची तिथे, एकही चुकलं नाही. तू चांगला वाजवतोस रे. आणि तिथे ते कुणी ऐकलं नाही. माझंही कधी कुणी ऐकलं नसणार, हे मला त्या गॅलरीत कळलं आणि रडू आलं. नोकरी सोडायची तर सोड, पण त्या तिघांसाठी सोडू नकोस. राहिली शेवटची गोष्ट, जिच्यासाठी तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. मी कठड्यावरून नुसता हात हलवला असता तरी तू वर पाहिलं असतंस, मी पेडलाकडे बोट दाखवलं असतं. चारही गाणी मी हात मांडीवर ठेवून बसले, कारण माझ्या जागेवर तू उभा होतास.

तरीही तुझीच,
ताई