शंभराच्या खाली शून्य

२ मार्च

पोचलो एकदाच्या! ट्रकवाल्यानं उतरवताना कपाटाचा पाय मोडला आणि वर मलाच ऐकवलं की कपाटच जुनं होतं. असो. क्वार्टर मात्र छान आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपड्यांची दोरी. अंगण ओलांडलं की निरीक्षण स्टेशनची बुटकी इमारत आणि तिच्या गच्चीवर अँटेना. ऑफिसला अनवाणी जाता येईल.

लेकीनं आल्या आल्या मागची खोली पटकावली. दारावर कागद चिकटवला, विचारल्याशिवाय आत येऊ नये. हे कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणे तुझ्यासाठीच, इथे दुसरं आहे कोण!

खरंच दुसरं कोणी नाही, आणि मला तेच हवं होतं. कोर्टात तिला विचारलं की कोणाकडे राहणार, तेव्हा ही पोरगी माझी पिशवी उचलून दारात जाऊन उभी राहिली. बंगला, गाडी, बाबांची नवी बायको, सगळं सोडून. बाकी सारं तिच्या बाबांनी नेलं. आकाशाचं चित्र काढायची माझी पद्धतसुद्धा स्वतःच्या नावावर करून मुख्य कार्यालयात साहेब होऊन बसले. मला टाकलं इथे कोपऱ्यात. पण लेक माझ्याकडे आहे. बसा म्हणावं चरफडत.

५ मार्च

काम हाताला लागलं. लेकीला समजावून सांगितलं. दवाखान्यात पेशंटभोवती यंत्र फिरवून पोटातलं चित्र काढतात ना, तसं आम्ही वरच्या हवेचं काढतो. उपग्रह जाता जाता रेडिओचे दोन सूर सोडतो. वर विजेचे कण जिथे दाट असतील तिथे ते सूर जरा अडखळतात. आमच्यासारखी पाच स्टेशनं एका रांगेत बसून ते अडखळणं मोजतात. सगळ्या तिरप्या रेषा एकमेकींना छेदतात आणि चौकटी भरत भरत चित्र तयार होतं. दाट ते लाल, विरळ ते निळं.

तिनं ऐकलं किती कोण जाणे. तिला आवडला तो रिसीव्हरचा आवाज. उपग्रह उगवतो तेव्हा बारीक उंच सूर लागतो आणि मावळेपर्यंत हळूहळू खाली घसरत जातो. बाईसाहेब तो सूर शिट्टीवर हुबेहूब काढतात आणि शेवटी स्वतःचा एक वर उडवलेला आगाऊ सूर जोडतात. उपग्रहाला टाटा करते म्हणे. दिवसातून दहादा तेच. कान किटले, पण हसूही येतं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये जुने ऑपरेटरकाका राहतात. निवृत्त झाले तरी हलले नाहीत. सडाफटिंग माणूस. त्यांच्या भिंतीवर लहान मुलाची तीनचाकी सायकल टांगलेली आहे. चाकं तेलपाणी करून अगदी गुळगुळीत. कोणाची म्हणून विचारलं, तर चाकावरून फडकं फिरवत म्हणाले, असतेच ती इथे.

९ मार्च

आज डोकं फिरलं. प्रोग्राम उघडून बघते तर शंभर किलोमीटर उंचीच्या खालच्या सगळ्या चौकटींत आधीच शून्य भरून ठेवलेलं. माप काहीही सांगो, खाली काही नाही असंच धरायचं. माझ्या पद्धतीत हे नव्हतं. ज्यानं पद्धत चोरली त्याला ती समजलेलीच नाही. फोन केला. साहेब म्हणाले की तो नियम सगळ्या स्टेशनांना आहे, खाली मोजण्यासारखं काही नसतं आणि मी तिथे जाऊनही भांडणं उकरून काढू नयेत. वर हेही सुनावलं की माझं तिथे जमलं नाही तर पोरीला परत न्यायला गाडी पाठवतील.

लेक मागेच उभी होती. शंभराच्या खाली तर आपणच राहतो, म्हणजे आपण दोघी शून्य का गं, असं तिनं विचारलं. आणि शिट्टी वाजवत गेली.

काकांना विचारलं तर त्यांचा चेहराच उतरला. इथे त्या शून्याला कोणी हात लावत नाही, एवढंच बोलले आणि चहा अर्धा टाकून उठले.

मी लावणार. खाली काही सापडलं तर शोध माझा, नाव माझं. मग बघू कोण कोणाची गाडी पाठवतं ते.

१३ मार्च

काढलं शून्य. आणि आहे! खाली आहे काहीतरी! लाल पट्ट्यातून एक बारीक दांडा खाली लोंबतोय. आधी वाटलं चूक आहे. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, तरी दांडा तिथेच. इतक्या वर्षांनी मनापासून हसले. लेकीला मिठी मारली, तर म्हणाली आधी हात धू.

१५ मार्च

दांडा खाली सरकलाय. प्रत्येक चित्रात थोडा थोडा. पाचांपैकी नेमक्या आपल्याच स्टेशनकडे.

भरदुपारी अंगणात उभं राहिलं की हातावरचे केस उठतात. कंगवा घासून कागदाच्या कपट्यांवर धरला की कपटे उठतात तसे. लेकीला गंमत वाटते. तिची पिवळी क्लिप काढून वेणी सोडली तर केस खाली बसतच नाहीत.

साहेबांना अजून कळवलेलं नाही. पक्कं झालं की तोंडावर फेकीन.

१७ मार्च

आज लेक शिट्टी वाजवत होती. नेहमीचीच. उंच सूर, मग खाली घसरत. मी म्हटलं, अगं, अजून उपग्रह यायचाय. ती थांबली. मग रिसीव्हरमध्ये तोच सूर लागला, तिच्या मागोमाग.

दिवसभर असंच. आधी ती, मग तो.

तिला म्हटलं, पुरे आता. ती म्हणाली की ती वाजवतच नाहीये, आपोआप होतंय. रडकुंडीला आली होती. तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी बोटांमधून बारीक सूर येत राहिला.

१८ मार्च

आवराआवर करून इथून निघायचं ठरवलं. लेकीला हाताला धरून अंगणाच्या फाटकापर्यंत नेलं. पुढे तिला पाऊल टाकता येईना. पाय उचलायची, पण जमिनीवर टेकतच नव्हता. वीतभर वर. माझ्या डोळ्यांदेखत.

घरात आणल्यावर बरी झाली. जेवली. म्हणाली, बाबांना सांगू नकोस हं, ते मला घेऊन जातील.

नवं चित्र आलं. दांड्याचं टोक स्टेशनवर नाही. अंगणाच्या अलीकडे आहे. क्वार्टरवर. मागच्या खोलीवर.

मी काय करून बसले —

१९ मार्च, सकाळ

काका धावत आले. घामाघूम. म्हणतात शून्य परत घाला, आत्ताच्या आत्ता. त्यांनीही एकदा काढलं होतं. असंच खाली आलं होतं, त्यांच्या घरावर. शून्य घातलं आणि गेलं, साफ. मी विचारलं, नुकसान काही? छे, म्हणाले, कसलं नुकसान, मी एकटा माणूस.

लेकीचे केस छताला टेकलेत. शिट्टी थांबत नाही. मधेच आई म्हणते, मग पुन्हा शिट्टी.

मला तिच्याजवळ बसायचंय. पण ऑफिसात जाऊन घालावं तर लागेलच. तिला सांगितलं, पळत जाते आणि आलेच. दारावरचा कागद फाटला होता, तो नीट चिकटव म्हणाली.

ऑफिसात पोचले. घालते —

काकांची ती सायकल. देवा, ती सायकल — एकट्या माणसाकडे ती —

नाही, पण दुसरं करू काय —

२० मार्च

झोप छान लागली. चित्र स्वच्छ आलं, शंभराच्या खाली काही नाही. साहेबांचा फोन होता. पहिल्यांदाच भांडण झालं नाही. आपल्यात वाटून घ्यायला काही नव्हतंच, बरं झालं लवकर सुटलो, असं म्हणाले. खरंय. मूलबाळ असतं तर फरफट झाली असती.

काका चहाला आले. दोघंही सडे, छान जमतं. बोलता बोलता मी केसांची एक पिवळी क्लिप पुसत बसले होते. माझे केस तर आखूड. आली कुठून कोण जाणे. टाकवेना.

मागची खोली रिकामीच असते. तरी जाताना दारावर टकटक केलं. दारावर एक कागद आहे, विचारल्याशिवाय आत —

२१ मार्च

उपग्रह आला. सूर उंच लागला, खाली घसरला, मावळला.

आणि शेवटी वर. एकच. उडवलेला.

उपग्रह असं करत नाही.

असं करणारी — मला माहीत आहे. ती आहे. होती. पिशवी उचलून दारात उभी — हात धू म्हणाली होती — तिचं नाव मीच ठेवलं होतं, मीच, तिचं नाव —